शेड्युलर बसला, आता किल्ल्या मोजा

गेल्या महिन्यात संध्याकाळी मकरपुऱ्याहून फोन आला.

"ताई, झालं. सर्व्हर उभा राहिला, एजंट जोडले, लॉगिनपण झालं. घरी जाऊ का?"

मुलगा हुशार, कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, नुकताच बाहेर पडलेला. मी विचारलं, "लॉगिन कुठल्या नावानं झालं?"

"मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच."

"मग नको जाऊस. खाली जाऊन सेवउसळ खाऊन ये. काम आत्ता सुरू होतंय."

हा लेख त्याच्यासाठी लिहायला घेतला होता. पुढच्या दोन आठवड्यांत तेच प्रश्न आणखी तिघांनी विचारले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंट्रोल-एम, ऑटोसिस, जेएस७, एअरफ्लो या शेड्युलरांतलं काहीही तुमच्या गळ्यात पडलेलं असो, बटणं वेगळी असतात, कामं तीच.

शेड्युलर म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मशीनवर, ठरलेल्या नावानं कमांड चालवणारा नोकर. अशा एकेका ठरलेल्या कामाला जॉब म्हणतात. एका लिनक्स मशीनपुरतं हे काम लिनक्समधलाच क्रॉन हा छोटा शेड्युलर निमूटपणे करतो. कंपनी मोठी झाली की पगाराची बॅच एका सर्व्हरवर, गोदामाच्या साठ्याचा ताळा दुसऱ्यावर, बँकेला जाणारी फाइल तिसऱ्यावर, आणि एक संपल्याशिवाय दुसरं सुरू व्हायला नको, अशी गुंतागुंत होते. तिथे मोठा शेड्युलर येतो. नवीन मंडळींचं सगळं लक्ष 'वेळी' आणि 'मशीनवर' या दोन शब्दांकडे असतं. सुरक्षेचा खेळ मात्र तिसऱ्या शब्दात आहे: 'नावानं'. कोण, कोणाच्या नावानं, काय चालवू शकतो, एवढंच प्रत्येक सेटिंगला विचारत जायचं.

आपल्या बडोद्याच्या जुन्या शहरात लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाजांचे रस्ते मांडवीत येऊन मिळतात. मांडवीत उभा असलेला माणूस कुठल्याही दरवाजाकडे सरळ चालत जाऊ शकतो. शेड्युलरचा सर्व्हर ही तुमच्या नेटवर्कची मांडवी. दरवाजांवर कितीही पहारे बसवा, मांडवीतून निघालेल्याला कोणी हटकत नाही, कारण तो घरचाच समजला जातो.

आधी कागद

कन्सोल उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर चार चौकोन काढा: वेब कन्सोल (ब्राउझरमधून शेड्युलर हाताळायचं पान), सर्व्हर, एजंट (लांबच्या मशीनवर जॉब चालवणारा प्रोग्रॅम), डेटाबेस. एजंट वीस असले तर वीस चौकोन. आता बाण काढा. कोण कोणाशी बोलतं, आणि बोलणं कोण सुरू करतं, त्या दिशेनं बाण. बाणावर पोर्ट, म्हणजे मशीनच्या ज्या दारावर बोलणं होतं त्याचा नंबर, लिहा. जेएस७मध्ये कन्सोल ४४४६वर, कंट्रोलर (म्हणजे आपला सर्व्हर) ४४४४वर, एजंट ४४४५वर. कंट्रोल-एममध्ये सर्व्हर एजंटशी ७००६वर बोलतो आणि एजंट सर्व्हरशी ७००५वर. ऑटोसिसचा एजंट साधारणपणे ७५२०वर ऐकतो, एअरफ्लोची वेब बाजू ८०८०वर. हे झाले कंपनीकडून येणारे आकडे. बसवताना कोणी बदलले असतील तर कागदावर बदललेले यायला हवेत.

मग प्रत्येक चौकोनाखाली लिहा की हा भाग ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कुठल्या खात्यानं चालतो. इथे बहुतेकांचं पेन थांबतं. थांबू दे. रिकामी जागा रिकामीच ठेवा, पुढे तीच भरायची आहे.

मॅन्युअलमधली किल्ली

जेएस७ बसवल्यावर पहिलं खातं मिळतं त्याचं नाव 'रूट' आणि पासवर्डही 'रूट'. लपवलेलं काही नाही, कागदपत्रांत उघड लिहिलेलं आहे, कारण कुठून तरी आत जायला हवंच. अडचण एवढीच की ते कागदपत्र सगळ्या जगाला वाचता येतं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर येणारी विश्वासू सर्टिफिकेटांची, म्हणजे मशीनांच्या डिजिटल ओळखपत्रांची, पेटी घ्या. तिचा पासवर्ड मुळातच 'चेंजइट' असा असतो. बिचारा नावातच सांगतोय की मला बदला. तरी वर्षानुवर्षं तोच राहिलेला मी किती ठिकाणी पाहिलाय.

मूळ खातं बदलण्याचाही एक क्रम आहे. आधी स्वतःच्या नावाचं नवं प्रशासक खातं तयार करा. पहिली खिडकी बंद न करता दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्या खात्यानं आत या. जॉब बघता येतो, खातं तयार करता येतं, सेटिंग बदलता येतं, हे तिन्ही करून पाहा. मगच पहिल्या खिडकीत परत येऊन मूळ खातं बंद करा. मी माझ्या पहिल्या नोकरीत उलटं केलं होतं: आधी मूळ खातं बंद, मग लक्षात आलं की नव्या खात्याला भूमिकाच दिलेली नाही. ती रात्र डेटाबेसच्या तक्त्यांत हात घालून काढली. सकाळी साहेबांना फक्त "झालं" एवढंच सांगितलं.

ऑटोसिसच्या स्वतःच्या सुरक्षापद्धतीत दोन बडी खाती असतात, एडिट सुपरयूजर आणि एक्झेक सुपरयूजर. पहिला कोणाचाही जॉब बदलू शकतो. दुसरा कोणाचाही जॉब सुरू करू शकतो, मारू शकतो, अख्खा शेड्युलरही बंद पाडू शकतो. बसवल्याबरोबर ही दोन्ही कोणाची ते ठरवून टाका, आणि शक्यतो एकाच माणसाला दोन्ही देऊ नका.

नमुन्याचे जॉब हेही मॅन्युअलमधलीच किल्ली समजा. २०२० साली एअरफ्लोमध्ये दोन त्रुटी उघड झाल्या. एक त्याच्याबरोबरच आलेल्या नमुन्याच्या डॅगमध्ये (एअरफ्लोत जॉबच्या साखळीला डॅग म्हणतात) होती, त्यातून आपली कमांड आत घुसवता येत होती. दुसरी, जुना प्रायोगिक एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांनी आत यायचं दार, कोणालाही ओळख न विचारता दार उघडत होता. दोन्ही जुळल्या की लॉगिन न करता सर्व्हरवर हवं ते चालवता येई. १.१०.११ या आवृत्तीपासून नव्यानं बसवणाऱ्यांसाठी एपीआयचं दार बंद झालं. जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्यांना मात्र ते सेटिंग स्वतःच्या हातानं बदलावं लागलं, आणि अपग्रेड केलं म्हणजे काम झालं असं समजणारे तसेच उघडे राहिले. तेव्हा नमुने शिकून झाले की काढून टाका. शिकायचंच असेल तर वेगळ्या मशीनवर शिका.

एक खातं तरीही जपून ठेवायचं असतं, आणीबाणीचं. उद्या कंपनीची डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी यादी, बंद पडली तर आत कसं जाणार? लांबलचक पासवर्ड कागदावर, कागद पाकिटात, पाकिटावर आडवी सही, आणि पाकीट अकाउंट्सच्या तिजोरीत. आमच्याकडे ते अकाउंट्सच्या बेननं सांभाळायचं ठरलं आहे. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण सही फाटलेली दिसली तर ती अख्खा मजला डोक्यावर घेईल. अशीच व्यक्ती हवी.

एजंट कोणाच्या नावानं उठतो

इथे थोडा वेळ बसू.

एजंट म्हणजे लांबच्या मशीनवरचा हात. सर्व्हर सांगतो, हात करतो. आता पगाराचा जॉब 'पगार' या खात्यानं चालायला हवा आणि साठ्याचा 'साठा' या खात्यानं. एकाच एजंटला दोन्ही रूपं घ्यायची तर लिनक्सवर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एजंट रूट म्हणून चालवणं. रूट हे लिनक्सचं सर्वाधिकारी खातं, ते कोणाचंही रूप घेऊ शकतं. बसवणारा माणूस हाच मार्ग निवडतो, कारण त्याला आठ वाजता घरी जायचं असतं. विंडोजवर त्याचीच बहीण म्हणजे लोकल सिस्टिम खातं.

असा एजंट असला की जॉबच्या फॉर्ममधला एक साधा रकाना, 'रन ॲज' किंवा 'ओनर', हा अख्ख्या मशीनचा मालक ठरवणारा रकाना होतो. ज्याला जॉब लिहिता येतो त्यानं तिथे 'रूट' असं लिहिलं की संपलं. मशीनवर त्याचं खातं असण्याचीही गरज नाही.

चोरच यायला हवा असंही नाही. मागे एका ठिकाणी सगळे एजंट रूटनं चालत. जुन्या फाइली साफ करणारा जॉब होता. फोल्डरचं नाव एका व्हेरिएबलमधून यायचं आणि त्याच्यापुढे तिरकी रेघ आणि तारा. एका रात्री व्हेरिएबल रिकामं आलं. उरली तिरकी रेघ आणि तारा, म्हणजे मुळापासून सगळं. सकाळी मशीन होतं, त्यावर काही नव्हतं. तोच जॉब 'साफसफाई' अशा सामान्य खात्यानं चालला असता तर परवानगी नाकारल्याच्या दोनशे ओळी लॉगमध्ये दिसल्या असत्या आणि आम्ही चहा पिऊन दुरुस्त केलं असतं.

मग करायचं कसं?

लिनक्सवर एजंटसाठी वेगळं खातं काढा, ज्याला थेट लॉगिन करून कमांड टाइप करायची सोय (शेल) नाही. जॉब एकाच खात्याचे असतील तर एजंट सरळ त्याच खात्यानं चालवा, विषय मिटला. दोन-तीन खाती लागत असतील तर काही शेड्युलरांत एकाच मशीनवर दोन एजंट वेगवेगळ्या पोर्टवर बसवता येतात, तो मार्ग मला आवडतो. तेही नको असेल तर सुडो, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं कमांड चालवू देणारी लिनक्सची सोय. पण सुडोत 'एजंटला सगळं माफ' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. 'एजंट' खात्याला 'पगार' आणि 'साठा' या दोनच नावांनी, या ठरावीक स्क्रिप्ट चालवता येतील, असं नावनिशीवार लिहा. त्यात तारा टाकू नका. ताऱ्यातून काय काय आत शिरतं हे लिहिणाऱ्याला कधीच आधी सुचत नाही. आणि सुडोची फाइल साध्या एडिटरनं उघडू नका, त्यासाठीच्या विसुडोनंच उघडा, म्हणजे चूक झाली तर जतन करताना तो ओरडतो.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. समजा जॉब 'पगार' खात्यानं एक स्क्रिप्ट चालवतो, शेड्युलरमध्ये तो जॉब कोणालाही बदलता येत नाही, सगळं बंदोबस्तात आहे. पण ती स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये पडलीये तिथे अख्ख्या टीमला लिहायची परवानगी आहे. मग शेड्युलरला हात न लावता कोणीही स्क्रिप्टचं नाव बदलून त्याच नावाची स्वतःची ठेवू शकतो. फाइलवर कुलूप असून उपयोग नाही, कारण नाव बदलायला फोल्डरची परवानगी पुरते. म्हणून फाइल आणि तिच्यावरचे सगळे फोल्डर, मुळापर्यंत, कोणाचे आहेत ते एकदा चालत जाऊन बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा चौदा जागा निघाल्या.

विंडोजवर जॉबच्या खात्याला 'बॅच जॉब म्हणून लॉगऑन' हा हक्क द्यावा लागतो, आणि त्याच वेळी स्क्रीनसमोर बसून आणि रिमोट डेस्कटॉपनं लॉगिन करण्याचे हक्क काढून घ्यावेत. नाहीतर कोणी तरी त्याच खात्यानं रिमोट डेस्कटॉप उघडून मेल वाचत बसतो. सर्व्हर २०१२पासून गट-व्यवस्थापित सेवा खाती आली आहेत. त्यांचा पासवर्ड डोमेन (कंपनीच्या विंडोज मशीनांची सामाईक व्यवस्था) स्वतःच सांभाळतं आणि मुळात दर ३० दिवसांनी बदलतं, माणसाला तो कळतही नाही. तुमचा शेड्युलर अशी खाती घेत असेल तर डोळे मिटून वापरा.

कागदावरच्या रिकाम्या जागा आता भरा.

कोणाला काय करता येईल

बहुतेक शेड्युलर तयार भूमिका देतात. जेएस७मध्ये प्रशासक, ॲप्लिकेशन मॅनेजर, आयटी ऑपरेटर, व्यवसायाकडचा वापरकर्ता अशा; एअरफ्लोमध्ये ॲडमिन, ऑप, यूजर, व्ह्यूअर, पब्लिक. नावांत गुंतू नका. चारच क्रियापदं आहेत: बघणं, चालवणं, बदलणं, आणि परवानग्या वाटणं.

बघणं निरुपद्रवी वाटतं, पण जॉबचा आउटपुट बघता आला की त्यात कधी कधी पगाराचे आकडेही दिसतात. चालवणं म्हणजे ठरलेला जॉब पुन्हा लावणं, थांबवणं. रात्रपाळीच्या माणसाला एवढं पुरे. बदलणं मात्र वेगळ्या जातीचं. वर म्हटलं तेच: जो जॉब बदलू शकतो तो त्या जॉबच्या खात्यानं हवं ते चालवू शकतो. प्रॉडक्शनवर बदलण्याची परवानगी देणं म्हणजे त्या खात्याचा पासवर्ड हातात देणं. असं स्पष्ट सांगितलं की "मलापण एडिट द्या ना" म्हणणारे निम्मे गप्प होतात.

म्हणून फोल्डर करा, खात्यानुसार. पगार, साठा, विक्री, बँक. परवानगी माणसाला नाही, भूमिकेला, भूमिका फोल्डरपुरती. आणि माणसं भूमिकेत येणार ती कंपनीच्या डिरेक्टरीतल्या गटावरून, शेड्युलरमध्ये हातानं टाकून नाही. कारण माणूस नोकरी सोडतो तेव्हा एचआर डिरेक्टरीतलं खातं बंद करतं, शेड्युलरची आठवण कोणालाच राहत नाही. डिरेक्टरीशी जोडताना साधा ३८९ पोर्ट एन्क्रिप्शनशिवाय वापरू नका. तिथून पासवर्ड उघड्यावर जातात. ६३६ घ्या, किंवा ३८९वर टीएलएस, म्हणजे बोलणं झाकणारं एन्क्रिप्शन, चालू झाल्याची खात्री करा.

आणखी एक, आपल्याकडचा खास रोग. 'ऑपरेटर' नावाचं एकच खातं आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, तिन्ही पाळ्यांसाठी. "आम्ही सगळे घरचेच आहोत बेन." आहात, मान्य. पण रात्री तीन वाजता बँकेची फाइल दोनदा कोणी पाठवली हे विचारलं की घरच्यांत भांडण लागतं.

मशीनमशीनमधलं बोलणं

कन्सोल एचटीटीपीएसवर आणायचं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण ब्राउझर लाल अक्षरात सांगतो. सर्व्हर आणि एजंटमधल्या बोलण्याबद्दल कोणीच काही सांगत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी ओळख पटायला हवी. सर्व्हरनं एजंटला ओळखायचं हे झालंच, पण एजंटनंही सर्व्हरला ओळखायचं, नाहीतर नेटवर्कवरचा कुठलाही लॅपटॉप 'मी सर्व्हर' म्हणून कमांड पाठवेल. काही शेड्युलर हे दोन्हीकडच्या सर्टिफिकेटांनी करतात, ऑटोसिसचा एजंट सामाईक एन्क्रिप्शन की वापरतो. कंट्रोल-एमच्या एजंटमध्ये कुठल्या सर्व्हरचं ऐकायचं त्याची यादी असते. ती भरा, आणि सर्टिफिकेटही लावा, एकावर भागवू नका.

टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे २०२१ साली बाद झाले. सेटिंगमध्ये खालची मर्यादा १.२ ठेवा. एखादा म्हातारा एजंट जोडला जात नसेल तर सगळ्यांसाठी मर्यादा खाली आणू नका, त्या एकाला बदला.

सर्टिफिकेटवरचं नाव आणि मशीनचं पूर्ण नाव तंतोतंत जुळायला हवं. नवशिक्यांचे निम्मे तास इथे जातात, आणि कंटाळून ते 'नाव तपासू नका' ही खूण करून टाकतात. ती खूण केली की सर्टिफिकेट भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच उपयोगी. सर्टिफिकेटच्या जोडीची खासगी की (गुप्त किल्ली) असलेली फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी, म्हणजे ६०० परवानगीची.

मुदतीचं सांगते आणि पुढे जाते. घाईघाईत केलेलं ३६५ दिवसांचं सर्टिफिकेट एका वर्षी नेमकं नवरात्रात संपलं. बडोद्यात नवरात्रीच्या रात्री सिस्टिमवाल्या बाईला फोन लावायचा म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. मैदानाबाहेर रिक्षात बसून, चणियाचोळीत, मांडीवर लॅपटॉप ठेवून अठरा एजंट परत जोडले. तेव्हापासून संपण्याच्या ४५ दिवस आधी आठवण करणारा जॉब शेड्युलरमध्येच लावलेला आहे, आणि त्याची मेल माझ्या एकटीला नाही, तिघांना जाते.

पासवर्ड कुठे पडलेत

जॉबच्या कमांडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असेल तर तो निदान तीन जागी दिसतो: जॉबच्या व्याख्येत, लॉगमध्ये, आणि जॉब चालू असताना त्या मशीनच्या प्रक्रियांच्या यादीत. शेवटचं नवीनांना माहीत नसतं. लिनक्सवर एरवी कोणताही साधा वापरकर्ता पीएस कमांड मारून दुसऱ्याच्या प्रक्रियेची पूर्ण ओळ वाचू शकतो.

त्यामुळे पासवर्ड कमांडच्या ओळीत नको. शेड्युलरचा स्वतःचा एन्क्रिप्टेड साठा असेल तर त्यात, कंपनीची वेगळी व्हॉल्ट असेल तर तिथे, काहीच नसेल तर त्या खात्यालाच वाचता येईल अशा फाइलमध्ये. साठ्याची किल्ली वेगळी सांभाळा. एअरफ्लो जोडण्यांचे पासवर्ड फर्नेट कीनं झाकतो. ती की आणि डेटाबेसचा बॅकअप एकाच टेपवर, एकाच फोल्डरमध्ये ठेवले तर झाकून फायदा काय? उलट की हरवली तर ते पासवर्ड कोणालाच उघडता येत नाहीत, एकेक करून परत भरावे लागतात. तेव्हा की जपायचीही आहे आणि वेगळीही ठेवायची आहे.

स्क्रिप्टमध्ये शेलचा 'प्रत्येक ओळ छापत जा' हा पर्याय चालू राहिला असेल तर एवढं करूनही पासवर्ड आउटपुटमध्ये उमटतो. चाचणी झाली की तो पर्याय काढा.

दरवाजे

फायरवॉलला फार लिहायची गरज नाही, सुरुवातीचा कागदच फायरवॉलची यादी आहे. जितके बाण तितके नियम, बाकी सगळं बंद. एजंटच्या पोर्टवर फक्त सर्व्हर, डेटाबेसच्या पोर्टवर फक्त सर्व्हर आणि कन्सोल, कन्सोलवर फक्त ऑफिसचं नेटवर्क किंवा व्हीपीएन. कन्सोल इंटरनेटवर नको. मालकांना सुरतहून मोबाईलवर बघायचं असलं तरी नको. त्यांना सकाळी अहवालाची मेल लावून द्या, ते खूश असतात.

कोणी केलं, कधी केलं

ऑडिट लॉग चालू आहे का बघा आणि तो शेड्युलरच्या मशीनबाहेर पाठवा. आत आलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या पावलांचे ठसे पुसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, ठरावीक प्रकारचे सायबर प्रसंग कळल्यापासून ६ तासांत कळवायचे आहेत, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत. १८० दिवसांच्या हिशेबानं डिस्क मोजा. बऱ्याच ठिकाणी लॉग आपोआप पुसायची मुदत याहून खूप कमी ठेवलेली असते आणि ती कोणी बघत नाही.

घड्याळ तर शेड्युलरचा जीवच. पण वेळ चुकली म्हणून फक्त जॉब उशिरा लागतो असं नाही. विंडोज डोमेनमध्ये घड्याळ मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त सरकलं की केर्बेरॉस, म्हणजे डोमेनची ओळख तपासणारी पद्धत, ओळखच नाकारतो, आणि तुम्ही पासवर्ड चुकला समजून तासभर तोच परत टाकत बसता.

जेएस७मध्ये एक छान सेटिंग आहे: कोणताही हस्तक्षेप करताना कारण लिहिणं सक्तीचं करता येतं. चालू करा. पहिला आठवडा लोक 'अबक' आणि 'टेस्ट' लिहितील. मग साहेब एकदा ती यादी बैठकीत मोठ्यानं वाचतात आणि दुसऱ्या दिवसापासून कारणं यायला लागतात.

प्रॉडक्शन आणि चाचणी यांचे सर्व्हर वेगळे हवेत, हे सांगण्यापुरतंच सांगते. ज्यानं जॉब लिहिला त्यानंच तो प्रॉडक्शनला न्यायचा नाही. काही शेड्युलरांत जॉबवर डिजिटल सही करता येते आणि सही जुळली नाही तर एजंट जॉब घेतच नाही. लहान टीमला ते जड जातं. दोन जणांची टीम असेल तर निदान एकानं लिहावं, दुसऱ्यानं वाचून वर न्यावं.

राखीव सर्व्हर

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्याकडचा मुख्य सर्व्हर आम्ही स्वतःच बंद केला, पाणी तळमजल्याच्या पायऱ्यांशी आलं होतं. दुसऱ्या शहरात एक राखीव सर्व्हर बसवून ठेवलेला होता. वेगळ्या डेटाबेसवर, जॉबच्या व्याख्या दर रविवारी तिकडे जायच्या. बसवल्यापासून तो कोणी उघडला नव्हता. महिनाअखेर तोंडावर, पगार निघायला हवे होते.

माझं लॉगिन चालेना. डिरेक्टरीशी जोडायचं सर्टिफिकेट तिकडे कोणी नेलंच नव्हतं. आणीबाणीचं पाकीट अकाउंट्सच्या तिजोरीत, आणि तिजोरीच्या खोलीपर्यंत पोचायला होडी लागली असती. तेवढ्यात बाजूला बसलेल्या मुलानं मॅन्युअल उघडलं, त्यातलं नाव टाकलं, त्यातलाच पासवर्ड टाकला. दार उघडलं.

पगार वेळेवर निघाले, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मला रात्री झोप लागली नाही. मुख्य सर्व्हरवर आम्ही जे जे केलं होतं, भूमिका, फोल्डर, सर्टिफिकेटं, त्यातलं काहीही तिकडे नव्हतं. आणि त्या राखीव सर्व्हरला आमचे सगळे एजंट ओळखत होते, कारण एजंटच्या यादीत दोन्ही सर्व्हरांची नावं आम्हीच टाकली होती.

आता दर तीन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी आम्ही मुद्दाम तिकडे जातो. सुरक्षेची सेटिंग्ज जॉबच्या व्याख्यांबरोबरच तिकडे जातात, पाकिटाची दुसरी प्रत तिकडच्या तिजोरीत आहे. तिथे पोचल्यावर पहिलं काम नव्यात नव्या माणसानं करायचं: मॅन्युअल उघडून त्यातलं नाव आणि पासवर्ड टाकून बघायचा. दार उघडलं नाही, की मगच पुढचं.

मकरपुऱ्याच्या त्या मुलानं यंदा पहिल्यांदा ते केलं. "ताई, नाही उघडलं," म्हणाला, जरा नाराज होऊन.